भिंत बांधायची आहे: बेअर्सच्या बिनसामन्यांच्या महिन्यांतल्या नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

अमेरिकन फुटबॉलमधला आमचा संघ शिकागो बेअर्स, ग्रीन बेमध्ये 24-22. घड्याळात काही उरलं नव्हतं तेव्हा कायरो सँतोसने 51 यार्डांवरून चेंडू दोन खांबांमधून पाठवला, आणि पॅकर्सकडून सलग अकरा वेळा हरण्याची साडेसाती सुटली. ओम सोफ्यावर चढून नाचला. मीही ओरडले. स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, "जिंकले ना? मग आता पुढची मॅच कधी?"

सप्टेंबरमध्ये.

हंगाम संपला. 17 सामने, 5 विजय, 12 पराभव. मधले दहा पराभव लागोपाठचे. ऑक्टोबरात वॉशिंग्टनला शेवटच्या फेकीवर हरलो, थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये टाइमआउट खिशात ठेवून घड्याळ पळू दिलं आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक एबरफ्लूस घरी गेले. शंभरेक वर्षांच्या या संघाने हंगाम चालू असताना प्रशिक्षक काढायची ही पहिलीच वेळ.

आता आठ महिने सामना नाही. दरवर्षी या काळात मी नुसती चिडचिड करते. यंदा काम करायचं ठरवलंय.

7 जानेवारी, मंगळवार

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. साइटवर डायरी लिहायची सवय आहे: तारीख, हवा, माणसं किती, काय ओतलं, काय अडलं. त्याच पद्धतीने ही वही. प्रकल्पाचं नाव ‘भिंत’.

कोल्हापूरला दादालाही वाचायला पाठवणार आहे, म्हणून एकदाच समजावून लिहिते. भिंत म्हणजे क्वार्टरबॅकसमोरचे पाच गडी. सेंटर वाकून उभा राहतो आणि दोन पायांमधून चेंडू मागे देतो. त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. पाचही गडी तीनशे पौंडांच्या आगेमागे. चेंडूला त्यांचा हात क्वचितच लागतो. समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं आणि मागे उभ्या क्वार्टरबॅकला फेकायला तीनेक सेकंद मिळवून द्यायचे, एवढंच काम. तेवढे मिळाले नाहीत तर तो चेंडूसकट आडवा होतो. त्याला सॅक म्हणतात.

आमचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स. 2024 च्या ड्राफ्टमधला पहिला पिक, वय 23. (ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातल्या पोरांची संघांनी पाळीपाळीने करायची निवड, पिक म्हणजे त्यातली एक पाळी.) पहिल्या हंगामात 3,541 यार्ड फेकले, 20 टचडाउन, फक्त 6 चेंडू समोरच्यांच्या हातात. आणि 68 वेळा पडला. ह्यूस्टनला 7 वेळा, न्यू इंग्लंडविरुद्ध 9 वेळा, सिॲटलविरुद्ध 7 वेळा. या लीगमधला एका हंगामाचा उच्चांक 76 चा, डेव्हिड कारचा, 2002 चा. तो ह्यूस्टनच्या नव्या संघाचा पहिला क्वार्टरबॅक होता. त्याच्या कारकिर्दीचं पुढे काय झालं ते इथल्या लोकांना विचारायला नको.

आलेख कागदावर पाच चौकोन काढले आणि कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. डावा टॅकल: ब्रॅक्सटन जोन्स, पण डिसेंबरात घोटा मोडलाय. डावा गार्ड: टेव्हन जेंकिन्स, करार संपला. सेंटर: कोलमन शेल्टन, करार संपला. उजवा गार्ड: कोणी पक्का नाही. उजवा टॅकल: डार्नेल राइट. शाईने फक्त राइटचं नाव लिहिलं. बाकी चार चौकोनांत पेन्सिल.

अजून एक हिशोब. रविवारी हरलो असतो तर 4-13 झालो असतो, आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये फार तर सातवे असतो. जिंकल्यामुळे दहावे. 5-12 चे चार संघ आहेत, त्यात ज्याचं वेळापत्रक सोपं होतं तो आधी निवडतो, आणि आमचं सगळ्यात कठीण होतं. डॅलसच्या जिमी जॉन्सनने नव्वदीच्या सुरुवातीला पिकांच्या किमतीचा एक तक्ता रूढ केला. त्यात पहिला पिक 3,000 गुणांचा, सातवा 1,500 चा, दहावा 1,300 चा. म्हणजे सँतोसची ती किक आम्हाला 200 गुणांना पडली. ओमला सांगितलं तर म्हणाला, "आई, यू आर नो फन." असेन.

12 जानेवारी, रविवार

न्यू इंग्लंडच्या नऊ सॅक प्रत्येकी दोनदा पाहिल्या. कागदावर ‘चूक कोणाची’ असा रकाना काढला होता. दुपारपर्यंत माझं आणि ओमचं चार ठिकाणी भांडण झालं आणि रकाना खोडावा लागला.

तो म्हणतो, टॅकल हरला. मी म्हणते, केलेबने चेंडू हातात धरून ठेवला, दोन पावलं मागे गेला आणि टॅकलचा कोन बिघडवला. बाहेरून वळसा घालून येणाऱ्याला टॅकल मागे रेटत नेतो, ते बरोबरच असतं. फक्त क्वार्टरबॅकने त्या रस्त्यात जाऊन उभं राहायचं नसतं. तो मागे का गेला? तर मधून भगदाड पडलं म्हणून. सेंटर आणि गार्ड दोघे एकाच माणसाकडे वळतात, तिसरा त्यांच्या पाठीमागून फिरून मोकळ्या फटीत शिरतो. अशी फट एकदा दिसली की मग सगळीकडे दिसायला लागते.

अण्णा तालमीत बसून कुस्ती बघताना म्हणायचे, हात बघू नकोस, कंबर बघ. गडी आधी कमरेत हरतो. इथेही तसंच आहे. पंजा समोरच्याच्या छातीवर आधी कोणाचा पोचला हे खरं, पण त्या क्षणी कंबर वर उठलेली असेल तर पंजाचा काही उपयोग नाही. आमचे आतले तीन गडी चौथ्या क्वार्टरपर्यंत उभ्या कमरेने खेळत होते.

तरीही माझं मत ठरलेलं आहे: दहाव्या पिकवर डावा टॅकल. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते. त्याला न दिसणारी बाजू आधी बांधायची.

20 जानेवारी, सोमवार

शाळेला सुट्टी, बाहेर हाडं फोडणारी थंडी. बेन जॉन्सन येतोय!

डेट्रॉइटचा आक्रमणाचा प्रशिक्षक. परवाच त्याचा संघ वॉशिंग्टनकडून 31-45 असा हरला, नाहीतर बातमीला अजून तीन आठवडे लागले असते. या हंगामात लीगमध्ये सर्वांत जास्त गुण डेट्रॉइटचे होते, 564. लोक त्याच्या फसव्या चालींबद्दल बोलतात. माझं लक्ष त्याच्या भिंतीकडे होतं: डेकर, रॅगनो, सूल. असल्या भिंतीमागे फसवाफसवी परवडते.

ऑफिसात मंगळवारपासून एकच सूर असणार हे आत्ताच सांगते: जेंटी घ्या. ॲश्टन जेंटी, बॉयझी स्टेटचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, कॉलेजच्या एका हंगामात 2,601 यार्ड धावलेला. घराला पाया नाही आणि सगळे झुंबर बघायला निघालेत.

6 फेब्रुवारी, गुरुवार

व्हर्जिनिया मॅकॅस्की गेल्या. वय 102. 1920 साली हा संघ ज्यांनी उभा केला त्या जॉर्ज हॅलस यांची मुलगी. 1983 मध्ये वडील गेले तेव्हापासून मालकी त्यांच्याकडे. मालकांवर मी वर्षभर तोंडसुख घेते. आज नाही.

9 फेब्रुवारी, रविवार

सुपर बोल, लीगचा अंतिम सामना. फिलाडेल्फिया 40, कॅन्सस सिटी 22. आकड्यावर जाऊ नका, सामना पहिल्या अर्ध्यातच संपला होता.

प्रकल्पाच्या दृष्टीने आजचा दिवस महत्त्वाचा. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक माहोम्स सहा वेळा पडला, आणि फिलाडेल्फियाने नेहमीच्या चौघांखेरीज जादा माणूस एकदाही पाठवला नाही. चार जणांनी पाच जणांना हरवलं. कॅन्सस सिटीकडे डावा टॅकल धड नव्हता म्हणून त्यांनी डावा गार्ड जो थूनी याला सरकवून टॅकलला उभं केलं. बाहेरचं छिद्र बुजवायला आतली वीट काढली, आणि मग आतूनही गळायला लागलं. मिल्टन विल्यम्स मधून येत होता, जॉश स्वेट कडेने. माहोम्स पुढे सरकला तरी भिंत, मागे सरकला तरी भिंत, आणि दोन्ही परक्यांच्या.

ओम म्हणाला, "सो? डावा टॅकलच पाहिजे, तूच म्हणत होतीस." हो, म्हणत होते. पण आज रात्री त्या बिचाऱ्या थूनीकडे बघताना पहिल्यांदा शंका आली की मी चुकीच्या टोकाकडून मोजतेय.

2 मार्च, रविवार

इंडियानापोलिसला कंबाइन. ड्राफ्टला येणाऱ्या पोरांना चड्डीवर धावायला लावतात, उड्या मारायला लावतात, आणि हात मोजतात. आज लाइनमनचा, म्हणजे भिंतीतल्या गड्यांचा दिवस.

हात म्हणजे खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. टॅकलला किमान 33 इंच हवेत असा इथला ठोकताळा. एलएसयूचा विल कॅम्पबेल, सगळ्यांच्या यादीत पहिला टॅकल, 33 च्या किंचित आत भरला, आणि दिवसभर टीव्हीवर तेवढीच चर्चा. अर्ध्या इंचाहून कमी फरकावर पोराला गार्ड करायला निघालेत. आमच्याकडे सळईच्या अंतरात एवढी सूट साइट इंजिनीअरही देतो. तीन वर्षं त्याने डावीकडे उभं राहून काय केलं ते मात्र टेपने मोजता येत नाही.

मिझूरीचा आर्मांड मेम्बू, 332 पौंडांचा, 40 यार्ड 4.91 सेकंदांत पळाला. मी चहा ठेवून परत पाहिलं. अडचण एकच, तो कॉलेजात उजवीकडे खेळलाय. टेक्ससचा केल्विन बँक्स डावीकडचा. दहापर्यंत या तिघांतला एक जरी उरला तरी मी नारळ फोडेन.

5 मार्च, बुधवार

काल लॉस एंजेलिसहून जोना जॅक्सन, मोबदला यंदाचा सहाव्या फेरीचा पिक. गेल्या वर्षी खांद्याच्या दुखापतीने चारच सामने खेळला, पण त्याआधी चार वर्षं डेट्रॉइटला, जॉन्सनच्या ओळखीचा. उजवा गार्ड.

आणि आज जो थूनी! तोच, सुपर बोलमध्ये परक्या जागी उभा केलेला. वय 32, विजेतेपदाच्या चार अंगठ्या: दोन न्यू इंग्लंडच्या, दोन कॅन्सस सिटीच्या. मोबदला 2026 चा चौथ्या फेरीचा पिक, म्हणजे वर्षभराने पैसे द्यायच्या बोलीवर. तो इथे आपल्या जागी उभा राहील, डाव्या गार्डच्या.

त्याच्या पायांचे तुकडे काढून संध्याकाळी बघत बसले. उठून दिसेल असं काही नाही, आणि तेच बघायचं असतं. समोरचा उसळी मारतो तेव्हा हा अर्धं पाऊल मागे घेतो, अर्धंच. पंजे खालून, कोपर बरगडीला चिकटलेलं. शेजारच्या फटीतून दुसरा यायला लागला की मान न वळवता पहिल्याला सेंटरच्या हवाली करतो आणि दुसऱ्याला घेतो. दुकानात गिऱ्हाईक गल्ल्यावर पाठवून पुढच्याला ‘बोला’ म्हणणाऱ्या वाण्यासारखं. नवरा मागे उभा राहून पाहत होता. "यात काय आहे?" काही नाही. काही होतच नाही, त्याचेच पैसे आहेत.

दोन चौकोन भरले. जेंकिन्स जाणार, हे ओघाने आलं. चांगला गडी, पण बारा महिन्यांत सहा महिने दवाखान्यात.

10 मार्च, सोमवार

अकरा वाजता करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडला. मला मीटिंग होती, फोन टेबलाखाली.

सेंटर ड्रू डॉलमन, अटलांटाकडून, 3 वर्षं, 4 कोटी 20 लाख डॉलर. म्हणजे आठवड्याभरात मधली तिन्ही माणसं नवी. यंदा एका संघाला खेळाडूंवर 27 कोटी 92 लाख खर्चायची मुभा आहे, त्यातला बराच पैसा आम्ही एरवी कोणाला नाव माहीत नसतं अशा जागांवर ओतला. मॅनेजर रायन पोल्सला मी गेली दोन वर्षं शिव्या घातल्यात. आज एक मागे घेते.

डावा टॅकल का नाही घेतला? बाजारभाव बघा. बाल्टिमोरने रॉनी स्टॅन्लीला बाजार उघडायच्या आधीच घरात ठेवून घेतला. उरला डॅन मूर, पिट्सबर्गचा, मधल्या फळीतला. त्याला टेनेसीने 4 वर्षांचे 8 कोटी 20 लाख दिले! डॉलमनच्या जवळपास दीडपट दर वर्षाला. टॅकल म्हटलं की लोक सोनारासारखे वजन करतात आणि घाबरून घेतात. आत मात्र अजून माल रास्त भावात मिळतो.

जेवणाच्या सुट्टीत रुमालावर भाराचं चित्र काढलं. कडेने आलेला माणूस सात-आठ यार्डांचा वळसा घालतो. क्वार्टरबॅक त्याला चुकवून एक पाऊल पुढे सरकू शकतो. मधून आलेल्याला दोन यार्ड. त्याच्यापासून पुढे सरकायला जागाच नाही, मागे सरकलं की कडेचा तयार. म्हणजे भार मधून खाली उतरतोय आणि मी जानेवारीपासून कोपऱ्याचा कॉलम तपासत बसलेय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला नापास करतील असली चूक.

30 मार्च, रविवार

पाडवा. गुढी बाल्कनीत, वाऱ्याने दोनदा पडली. दादाला व्हिडिओ कॉल.

त्याने नोंदी वाचल्यात. "आगं, पर ह्यात फुटबॉल कुठाय?" हा त्याचा पंधरा वर्षांचा जुना विनोद. मग ड्राफ्टवर गाडी अडली. सगळ्यात वाईट खेळलेला संघ सगळ्यात आधी निवडणार, हे त्याच्या गळी उतरेना. "म्हंजे नापास झालेल्याला पहिला बाक? आणि पोराला विचारत नाहीत, तुला कुठल्या पेठेत खेळायचंय?"

नाही विचारत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की घरात दोन गट पडायचे, कारण मामाचं घर दुसरीकडे होतं. तिथे खेळाडू तालीम बदलतो तेव्हा गल्लीत वर्षभर बोलणी. इथे 22 वर्षांच्या पोराला टोपी देतात आणि सांगतात, तू आजपासून क्लीव्हलंडचा. दादा विचार करून म्हणाला, "मग ते लोक जाणूनबुजून हरत न्हाईत व्हय?" मी विषय बदलला. 200 गुणांचा हिशोब त्याला पाठवलेल्या नोंदीत आहेच.

12 एप्रिल, शनिवार

दोन आठवडे उरले. आमचे पिक: 10, 39, 41, 72, आणि पुढचे किरकोळ. 39 वा कॅरोलायनाचा. 2023 मध्ये आम्ही पहिला पिक त्यांना विकला. त्यात डीजे मूर आला, डार्नेल राइट आडून आला, केलेब आला, आणि हा शेवटचा हप्ता. असा व्यवहार आयुष्यात एकदाच होतो.

दहाव्यावर काय? टॅकल उरला तर टॅकल, मत कायम, जरा मवाळ झालंय इतकंच. नाही उरला तर? ओमला जेंटी हवाय. मी त्याला म्हटलं, रनिंग बॅक तिसऱ्या फेरीतही मिळतो, आणि भिंत असेल तर सातव्या फेरीतलाही पळतो. मला टाइट एंड चालेल. टाइट एंड म्हणजे भिंतीचा सहावा गडी, जो गरज पडली तर पळत जाऊन झेलही घेतो. पेन स्टेटचा टायलर वॉरन, 104 झेल, 1,233 यार्ड, अंगाने ट्रॅक्टर. दुसरा मिशिगनचा कोल्स्टन लव्हलंड, उंच, सडपातळ, जानेवारीत खांद्याची शस्त्रक्रिया झालेला. माझ्या यादीत वॉरन वर.

कागदावर लिहिलं: 10 बँक्स, 39 रनिंग बॅक हेंडरसन. ओमने खाली स्वतःचं लिहिलं: 10 जेंटी, 39 टॅकल. हरणाऱ्याने महिनाभर भांडी लावायची.

24 एप्रिल, गुरुवार

यंदाचा ड्राफ्ट ग्रीन बेमध्ये, शत्रूच्या अंगणात. ओमला जायचं होतं. उद्या शाळा आहे. घरीच, पावभाजी.

पहिले तीन: वॉर्ड. हंटर. कार्टर. चौथ्यावर न्यू इंग्लंडने कॅम्पबेल नेला, आखूड हातांसकट. सहाव्यावर लास व्हेगसने जेंटी नेला आणि ओमने ताट बाजूला सरकवलं. सातव्यावर मेम्बू. याच जागेवर आम्ही असतो, आठवतंय ना. नवव्यावर न्यू ऑर्लिन्स. मी हात जोडून उभी. बँक्स.

पाच पिकांत... नाही, सहा पिकांत तीन टॅकल, आणि शेवटचा आमच्या नाकासमोर. घरात दोन्ही याद्या मेल्या.

दहावा: कोल्स्टन लव्हलंड. वॉरन असताना! नवऱ्याने विचारलं, "चांगलाय का?" मी म्हटलं, उंच आहे.

रात्री उशिरा त्याचे झेल पाहिले. चेंडू यायच्या आधी तो वळलेला असतो, आणि मधल्या पट्ट्यात, जिथे बचावातल्या लाइनबॅकर आणि त्याच्या मागच्या सेफ्टीच्या मधे कोणाचीच हद्द नसते, तिथे बरोबर थांबतो. जॉन्सनला हे का हवं ते कळतं. ज्याला तीन सेकंद मिळत नाहीत त्याला दीड सेकंदात मोकळा माणूस दिला की झालं. हाही बचावच. तरी वॉरन.

25 एप्रिल, शुक्रवार

38 वर न्यू इंग्लंडने हेंडरसन नेला. पुन्हा एका घराने हुकलो. 39 वर आम्ही मिझूरीचा ल्यूथर बर्डन, रिसीव्हर, म्हणजे झेल घेणारा. भांडी कोण लावणार हा प्रश्न अनिर्णित.

मग 41 विकला. बफेलोला 41, 72 आणि शेवटाकडचा 240. बदल्यात 56, 62, 109. तक्ता काढला: 490 अधिक 230, म्हणजे 720. समोरून 340, 284 आणि 76, म्हणजे 700. वीस गुणांचा तोटा, पण 240 च्या जागी 109. मान्य.

56 वर शेवटी टॅकल: ऑझी ट्रापिलो, बॉस्टन कॉलेज, सहा फूट आठ इंच. वडील स्टीव्हही लाइनमन होते, न्यू ऑर्लिन्सकडे. कॉलेजात शेवटी उजवीकडे खेळला, आधी डावीकडेही. 62 वर टेक्सस ए अँड एमचा शेमार टर्नर, बचावाचा.

फ्रिजवरच्या डाव्या चौकोनात आता तीन नावं: जोन्स, ट्रापिलो, आणि गेल्या वर्षीचा तिसऱ्या फेरीतला येलचा किरन अमेगाजी, ज्याची डिसेंबरात मिनेसोटात परीक्षा झाली आणि पोरगं घामाघूम झालं. तीन अर्धे मिळून एक होत नाही. पण तिघांतला एक पूर्ण निघू शकतो, ही पोल्सची पैज.

26 एप्रिल, शनिवार

109 पुन्हा बफेलोलाच परत, बदल्यात 132 आणि 169. तक्त्याप्रमाणे 76 देऊन साठेक आले. इथे घासाघीस जमली नाही. बाकी मॅरीलंडचा लाइनबॅकर, एक कॉर्नर, एक गार्ड. आणि 233 वर, सातव्या फेरीत, रटगर्सचा रनिंग बॅक काइल मोनन्गाई. ओमकडे नुसतं बघितलं. तो उठून भांडी लावायला गेला.

15 जून, रविवार

नोंद करण्यासारखं थोडं. लव्हलंडचा खांदा बरा होतोय, जोन्सचा घोटा बरा होतोय, बर्डनची मांडी बरी होतेय. बिनासामन्याचे दवाखान्याचे महिने. थूनीला एप्रिलमध्येच दोन वर्षं वाढवून दिली, 3 कोटी 50 लाख. त्याचं नाव शाईने लिहिलं. डॉलमनचंही. जॅक्सनच्या नावावरून पेन्सिलच गिरवली, खांदा आहे.

17 ऑगस्ट, रविवार

बफेलोविरुद्ध 38-0. सरावाचा सामना, त्यांचे मोठे खेळाडू बाकावर, त्यामुळे आरडाओरड नको. पण पहिल्याच खेपेला केलेब चेंडू शेवटपर्यंत घेऊन गेला. मी चेंडू पाहिलाच नाही, मधले तिघे पाहिले. एकदा बफेलोच्या दोघांनी जागा अदलाबदल केली, तीच जानेवारीतली चाल. थूनीने आपला माणूस डॉलमनच्या अंगावर दिला, नवा घेतला. फट उघडली आणि मिटली. ओमने मागे घेऊन तीनदा दाखवलं, न सांगता.

डावीकडे महिनाभर जत्रा चालू आहे. ट्रापिलोला वापरून पाहिलं, अमेगाजीला, थिओ बेनेडेट म्हणून एका कॅनडियन पोरालाही. आता ट्रापिलोला उजवीकडे राइटच्या मागे हलवलंय, म्हणजे निकाल दिसतोच आहे.

26 ऑगस्ट, मंगळवार

आज हंगामासाठीच्या 53 जणांची यादी. उद्या गणपती, त्यामुळे एक डोळा उकडीवर, एक फोनवर.

डावा टॅकल: ब्रॅक्सटन जोन्स. जानेवारीत होता तोच. आठ महिने, तीन उमेदवार, एक दुसऱ्या फेरीचा पिक, आणि त्या चौकोनातलं नाव जागचं हललं नाही. त्याच्या शेजारचे तिन्ही मात्र नवे. पाचव्या फेरीत सदर्न यूटासारख्या आडगावातून आलेला हा पोरगा कधी थूनीसारख्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला नाही. आतला गडी जागेवर असला की बाहेरच्याला फक्त एकच दार राखायचं असतं. तेवढं त्याने राखावं. घोट्याचं मात्र मला अजून पटत नाही. पाय टेकताना तो जरा विचार करतो असं वाटतं. ओम म्हणतो, हे तुझ्या मनाचे खेळ.

पहिला सामना 8 सप्टेंबरला, सोमवारी रात्री, सोल्जर फील्डवर, मिनेसोटाशी. सोमवारी भिंत बघायची आणि मंगळवारी सकाळी सातला साइट.

ओमने फ्रिजवरचा कागद काढला आणि जोन्सचं नाव शाईने लिहायला पेन उघडलं. मी हातातली पारी खाली ठेवली आणि पिठाच्या हाताने त्याला पेन्सिल दिली.